देऊळ घडविणाऱ्यांची नोंद
(कलशारोहण समारंभात झालेले भाषण)



देणगीदारांची नावे सभामंडपातील संगमरवरी पाटीवर कोरली गेली, हे यथायोग्यच झाले. देणाऱ्याचे नाव राहावे ही रीत फार जुनी आहे. परंतु ज्याने दगड घडविला, त्याचे नाव कोठे राहते? शोधू गेल्यास मौजेची माहिती हाती लागते.

कार्ल्याच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. दात्यांची नावे पुष्कळ. त्यांतच धेनुकाकटचा एक सुतार आहे, वेणुवासाचा मुलगा सामी. लेण्याचे दार त्याने केले, असे तेथे लिहिलेले आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवरही करणाऱ्याचे नाव आहे, कण्हदास. हा धंद्याने सोनार. पण दगडालाही त्याने हात घातला.

पुढे मात्र नावे विरळ होतात. वेरूळच्या कैलास लेण्याविषयी शके ७३४ च्या बडोदा ताम्रपटात असे वर्णन आहे की, हे आपण केले तरी कसे, याचे खुद्द शिल्पकारालाच नवल वाटले. कौतुक केले, पण नाव द्यायचे राहून गेले! अंबरनाथच्या शिवालयात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा लेख आहे. त्यावरून शिलाहार राजा मम्वाणीचा काळ कळतो. आपल्याकडे काळ्या दगडाचे देऊळ दिसले की 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतात. हेमाद्री पंडित हे देवगिरीच्या यादवांचे मंत्री, तेराव्या शतकातले. अंबरनाथचे देऊळ त्यांच्या आधी दोनशे वर्षे उभे होते. तेथे लेख नसता तर तेही त्यांच्याच नावावर गेले असते.

रायगडाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. जगदीश्वराच्या देवळाशी संस्कृत शिलालेख आहे. विहिरी, तळी, बागा, रस्ते, गजशाळा, राजवाडे हिरोजींनी बांधल्याचे त्यात सांगितले आहे. परंतु लोकांच्या मनात राहिली ती पायरी. तिच्यावर हिरोजी इंदुलकरांनी आपले नाव सेवक म्हणून कोरले. महाराजांच्या वाटेतली पायरी त्यांना पुरेशी वाटली.

पेशवाईत कागद वाढले. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली आणि खर्च १६,११० रुपये आला, इतके तपशील आज सांगता येतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी झाली व देवस्थान इनामांची पत्रके तयार झाली. त्यांत देवाची जमीन, पुजारी, दिवाबत्ती, नैवेद्य सापडतो. गवंड्याचे नाव सहसा सापडत नाही. जमीन कोणाकडे आणि सारा माफ का, एवढेच सरकारला पाहायचे होते.

आता आपल्या देवळाविषयी. जुन्या मंडपाचे खांब कोणी घडविले, हे सांगणारे आज गावात कोणी नाही. उत्तरेच्या दाराच्या खालच्या पायरीवर अक्षरे होती, असे वयोवृद्ध मंडळी सांगतात. मागे फरशी बसविताना ती पायरी पालथी घातली गेली. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. सपाट बाजू वर हवी होती, इतकेच. त्या अंगाचे काम अजून बाकी आहे. नवी फरशी टाकण्यापूर्वी तो दगड पहारीने सावकाश उचलावा. छिन्नी वा तारेचा ब्रश लावू नये, तेलरंग भरू नये. पाण्याने धुवावा, ओला कागद दाबून शाईने ठसा घ्यावा आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. अक्षरे झिजलेली निघाली तरी दगड भिंतीशी उभा ठेवावा.

आणि या खेपेचा हजेरीपट, नकाशा, चुना-सिमेंटच्या पावत्या, गवंडी, पाथरवट, सुतार यांची पूर्ण नावे व गावे एका वहीत उतरून तिची एक प्रत देवळात, एक ग्रामपंचायतीत ठेवावी. शिखराचे काम करणारे कारागीर येत्या सोमवारी आपल्या गावी परत जाणार आहेत. वही त्याआधी भरलेली बरी.