निवेदन म्हणजे निकाल नव्हे

शिरूर कासारच्या दोस्तांनो, मी आज परभणीशी जोडलेली दोन नावं घेणार आहे.

पहिलं ख्वाजा युनूस. २००३ मध्ये पोलीस म्हणाले, जीपला अपघात झाला आणि तो पळाला. सीआयडीच्या तपासात तो कोठडीतच मेल्याचं पुढं आलं. मय्यत घरच्यांना कधीच मिळाली नाही.

दुसरं सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. विधानसभेत श्वसनाच्या आजाराचं कारण सांगितलं गेलं; शवविच्छेदन अहवालात मात्र अनेक जखमांची नोंद होती. आई कोर्टात गेली. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानंही तो आदेश कायम ठेवला.

दोघांच्याही आया कोर्टात लढल्या. त्यात आपला कोण, परका कोण, हे मी मोजत नाही. तुम्हीही मोजू नका.

कोठडीतल्या मृत्यूची दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हावी, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९६ सांगतं. ती चौकशी मागा. शवविच्छेदन अहवालाची प्रत मागा. तारखा लिहून ठेवा. दगड उचलू नका, अर्ज लिहा.