माय पाहून पिल्लू घ्या

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सचिवांनी मला विषय दिला होता ‘पाळीव प्राण्यांचे आरोग्य’. अर्ध्या तासात गाईपासून पोपटापर्यंत सगळं बोलायचं म्हणजे कशालाच न्याय मिळणार नाही. म्हणून आज फक्त मांडीवर बसणाऱ्या छोट्या कुत्र्यांबद्दल बोलतो, आणि त्यातही टॉय स्पॅनियल या एका जातीचं उदाहरण घेऊन.

कारण असं की, पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा सोसायटीत कुत्रा म्हणजे गेटवरचा मोत्या. आता संध्याकाळी एक चक्कर मारा. पॉम दिसतो, शिह त्झू दिसतो, पग दिसतो. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या मुलांनी आणलेले लांब कानांचे, मोठ्या डोळ्यांचे एक-दोन स्पॅनियलही आलेत. आणि गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी मला विचारलं, “डॉक्टरसाहेब, आमच्या सोनीसाठी एखादं चांगलं स्थळ बघा ना. एक वेत तरी होऊ द्यावं म्हणतो.” माझं आजचं बोलणं त्या स्थळाबद्दल आहे.

माझी सगळी नोकरी पशुधन विकास अधिकारी म्हणून गेली, काही वर्षं घाटावर, काही घाटाखाली. गुरांच्या बाजारात आपला शेतकरी गाय कशी घेतो, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. तो रंग बघतो, शिंगं बघतो, पण सौदा करण्याआधी एक प्रश्न हमखास विचारतो, “हिच्या मायला दूध किती होतं?” कालवडीला अजून दूध यायचं असतं. तिच्या पोटात काय दडलं आहे ते तिच्या आईवरूनच कळतं. कृत्रिम रेतनासाठी वळू निवडतानाही तेच. वळू दिसायला कितीही देखणा असो, त्याची खरी किंमत ठरते ती त्याच्या मुली दूध किती देतात यावरून. आता याच शेतकऱ्याचा मुलगा मोबाईलवर फोटो बघून पिल्लू मागवतो आणि पिल्लाची आई कुठे आहे हेसुद्धा विचारत नाही.

टॉय स्पॅनियलची गोष्ट ऐका, म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते लक्षात येईल. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, कारकीर्द १६६० ते १६८५, त्याला या कुत्र्यांचं भारी वेड होतं, म्हणून नाव पडलं किंग चार्ल्स स्पॅनियल. त्या वेळच्या चित्रांत या कुत्र्याचं नाक लांब आहे, डोकं सपाट आहे. पुढे चपट्या नाकाची आणि गोल डोक्याची फॅशन आली, आणि जुना लांब नाकाचा कुत्रा जवळजवळ दिसेनासा झाला. १९२६ साली रॉसवेल एल्ड्रिज नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लंडनच्या क्रफ्ट्स या प्रसिद्ध श्वान प्रदर्शनात पंचवीस पौंडांची बक्षिसं लावली. अट एकच, चित्रातल्यासारखा जुन्या धाटणीचा स्पॅनियल आणून दाखवा. त्या बक्षिसापोटी लोकांनी निवडून निवडून पैदास केली. १९२८ मध्ये क्लब निघाला, आणि १९४५ मध्ये ‘कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल’ ही स्वतंत्र जात म्हणून मान्य झाली.

बक्षीस ज्या गोष्टीला मिळतं ती गोष्ट वाढते, हे यावरून दिसतं. पंचवीस पौंडांनी नाक परत आणलं! पण परीक्षकाला रिंगणात काय दिसतं? चाल दिसते, केस दिसतात, कान, डोळे, दात दिसतात. हृदय दिसत नाही. शिवाय सुरुवातीचे कुत्रे मोजकेच होते, त्यामुळे सगळी जात थोड्याच पूर्वजांवर उभी राहिली. त्या थोड्यांत जे दोष होते, ते सगळ्यांच्या वाट्याला आले.

पहिला दोष हृदयाचा. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्प्यांच्या मध्ये मायट्रल नावाची झडप असते. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह आठवा. तो गळायला लागला की पाणी वर जायच्या ऐवजी मागे फिरतं. मोटार बिचारी चालतच असते आणि एक दिवस थकते. या झडपेचं तसंच होतं. स्टेथोस्कोप लावला की गळतीचा सुस्कारा ऐकू येतो, त्याला आम्ही मर्मर म्हणतो. कॅव्हेलियर जातीत पाच वर्षांचे होईपर्यंत साधारण निम्म्या कुत्र्यांत हा मर्मर असतो, आणि दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळ्यांत. आता खरी अडचण बघा. कुत्री विते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आणि आजार कळतो पाचव्या वर्षी. कळेपर्यंत तिची दहा-बारा पिल्लं दहा-बारा घरांत जाऊन पोचलेली असतात.

दुसरा दोष डोक्याचा. कवटी लहान आणि मेंदू त्या मानाने मोठा, अशी दाटी होते. मेंदूभोवतीच्या पाण्याला वाट मिळत नाही आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या तयार होतात. या आजाराचं नाव सिरिंगोमायेलिया. कुत्रा चालता चालता थांबतो आणि मानेजवळ हवेतच पाय खाजवल्यासारखा हलवतो, पाय अंगाला लागतही नाही. घरच्यांना वाटतं गोचीड असेल. प्रत्यक्षात त्याला वेदना होत असतात. याचं निदान एमआरआयनेच होतं. २००८ मध्ये बीबीसीने ‘पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड’ या माहितीपटात हे सगळं जगापुढे मांडलं. एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षीपासून बीबीसीने क्रफ्ट्स प्रदर्शनाचं प्रक्षेपणच बंद केलं. नॉर्वेमध्ये तर प्रकरण कोर्टात गेलं. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या जातीची नेहमीच्या पद्धतीने पैदास चालू ठेवणं प्राणिकल्याण कायद्यात बसत नाही. दुसऱ्या जातीशी शास्त्रीय पद्धतीने संकर करून सुधारणा करायला मात्र वाट मोकळी ठेवली.

ऐकून वाईट वाटलं असेल, पण मला आशेचीही गोष्ट सांगायची आहे. डेन्मार्कमध्ये ठरवलं की हृदय तपासल्याशिवाय कॅव्हेलियरचं वेत घ्यायचं नाही. तपासणी नुसत्या स्टेथोस्कोपने नाही, हृदयाची सोनोग्राफीसुद्धा. आठ-दहा वर्षांनी अभ्यास झाला, तेव्हा तपासलेल्या आई-बापांच्या पिल्लांत या आजाराचा धोका ७३ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. औषध नाही, ऑपरेशन नाही. फक्त निवड बदलली! वळू निवडण्याची जी रीत आपण गुरांत वापरतो, तीच त्यांनी कुत्र्यांत वापरली.

आता कोणी म्हणेल, “आमच्याकडे कागद आहेत.” केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र चांगलंच आहे, पण ते काय सांगतं ते समजून घ्या. पिल्लाचे आई-बाप कोण, आजोबा कोण, म्हणजे वंशावळ. ती कुंडली आहे, आरोग्याचा दाखला नाही. चॅम्पियन बापाचं पिल्लू असलं तरी बापाचं हृदय कोणी तपासलं होतं, हा प्रश्न उरतोच.

काही दोषांसाठी आता डीएनए तपासणी आहे. कॅव्हेलियरमध्ये अंग आखडून अचानक पडण्याचा एक आजार आहे, आणि डोळे कोरडे पडून केस कुरळे होण्याचा दुसरा. दोन्हींची चाचणी २०११ पासून होते. याचं गणित विदर्भातल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. सिकलसेलची तपासणी आपल्याकडे लग्नाआधी करा म्हणून सांगतात ना? वाहक असलेला माणूस आजारी नसतो. पण दोन्ही वाहक एकत्र आले तर मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. माणसांची आणि कुत्र्यांची तुलना करत नाही, हिशोब मात्र तोच आहे. म्हणून वाहक कुत्र्याला टाकून द्यायचं नसतं, त्याची जोडी निर्दोष कुत्र्याशी लावायची असते.

आणि हे फक्त स्पॅनियलचं नाही, बरं का. झडपेचा आजार पॉमसारख्या इतर छोट्या कुत्र्यांतही होतो. गुडघ्याची वाटी सरकणं तर छोट्या जातींत नेहमीचं आहे. चपट्या नाकाच्या पगला आणि शिह त्झूला मलकापूर-नांदुऱ्याच्या उन्हाळ्यात श्वास घेताना काय त्रास होतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २००३ च्या मोबाईल कंपनीच्या त्या जाहिरातीनंतर घराघरांत पग आले, पण जाहिरातीत एप्रिल-मे महिना नव्हता!

कायदा काय म्हणतो? २०१७ चे श्वान पैदास आणि विक्रीचे नियम आहेत. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. कुत्री दीड वर्षाची झाल्याशिवाय जोडी लावायची नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही. बाप-लेक, भाऊ-बहीण अशी जोडी चालत नाही. ‘घरातल्या घरात एक वेत’ म्हणताना आणि पिल्लं विकताना हे सगळं आपल्यालाही लागू होऊ शकतं, याची जाणीव असू द्या.

मग आपण काय करायचं? पिल्लू घ्यायचं असेल तर आधी त्याची आई बघा, ज्या घरात ती आहे तिथे जाऊन. आई कधी तपासली, हृदयाबद्दल लेखी काय आहे, आजी-आजोबा पाच वर्षांचे झाले तेव्हा मर्मर होता का, हे विचारा. विकणारा चिडला तर समजून जा. वेत घ्यायचं असेल तर स्पॅनियलला किमान अडीच वर्षं पूर्ण होऊ द्या, जोडीआधी दोघांचं हृदय तपासा. आणि त्यांचे आई-बाप पाचव्या वर्षी निर्दोष असतील तरच पुढे जा. एवढं जमत नसेल तर नसबंदी करा. “एक वेत झाल्याशिवाय कुत्रीची तब्येत चांगली राहत नाही” हा समज खोटा आहे, हे मी इथे जाहीरपणे सांगतो.

हृदयाची सोनोग्राफी बुलढाण्यात बसल्या जागी होईलच असं नाही. अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत किंवा नागपूरच्या महाविद्यालयात आधी चौकशी करून जावं. पण स्टेथोस्कोप प्रत्येक पशुवैद्यकाकडे आहे. रेबीजची लस द्यायला वर्षातून एकदा जाता, तेव्हा फक्त म्हणा, “साहेब, छातीही ऐका.”

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. तुमचा कुत्रा गाढ झोपला की घड्याळ लावून मिनिटभर त्याचे श्वास मोजा. पोट वर आलं आणि खाली गेलं, हा एक श्वास. आकडा तीसच्या पुढे जात असेल तर पुन्हा मोजा, आणि तसाच आला तर आई-बाबांना सांगा. हृदय थकत असल्याची पहिली खूण पुष्कळदा हीच असते, आणि ती वेळेवर कळली तर गोळ्यांनी कुत्र्याचे बरेच चांगले दिवस वाढवता येतात.

शेवटी एक विनंती आणि एक वचन. विनंती अशी की सोसायटीत कुणाला वेत घ्यायचं असेल तर आधी मला भेटा, मग स्थळ बघा. आणि वचन असं की या रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता मी याच सभागृहात बसेन आणि कुत्रा कोणत्याही जातीचा असो, आपल्या गेटवरचा मोत्या धरून, त्याचं हृदय विनामूल्य तपासून देईन. येताना कुत्र्याला उपाशी आणू नका, पट्टा मात्र नक्की बांधून आणा, आणि त्याच्या आई-बापाचे काही कागद असतील तर तेही सोबत घ्या.