हवेची हद्द



या व्याख्यानमालेत साहित्यावर किंवा इतिहासावर बोलण्याचा प्रघात आहे. मी पडले होमिओपॅथ. माझा विषय लोकांच्या छातीतून निघतो. तरी सुरुवात इतिहासानेच करते. आपल्या शेजारच्या देवासला दोन संस्थाने होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार. इकडे इंदूर होळकरांचे, तिकडे उज्जैन शिंद्यांचे. वाऱ्याला मात्र कोणत्याच हद्दीवर कोणी अडवले नाही.

संस्थाने गेली, हद्दी महापालिकांच्या झाल्या. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. हवेच्या मानकात न बसणाऱ्या शहरांत मध्य प्रदेशातली सहा शहरे होती. त्यांत इंदूर, देवास आणि उज्जैन ही तिन्ही. प्रत्येकाचा आराखडा वेगळा.

आता मानक म्हणजे काय ते पाहू. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी, आणि २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांची ४० च्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच आकडे १५ आणि ५ असे सुचवले आहेत.

जाड धूळ रस्त्यावरून, बांधकामावरून उडते, बरीचशी नाकाघशात अडकते आणि लवकर खाली बसते. सूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. म्हणून दम्याइतकाच हृदयविकाराशीही त्यांचा संबंध आहे. शिवाय ते सगळे धुरातूनच येतात असे नाही. कोळशाचा सल्फर डायऑक्साइड, वाहनांचे नायट्रोजन ऑक्साइड, शेण आणि खतांतला अमोनिया यांच्यापासून ते हवेतच तयार होतात आणि शेकडो किलोमीटर जातात. उगम एका जिल्ह्यात, खोकला दुसऱ्यात.

आपले इंदूर २०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात पहिले आले, याचा मलाही अभिमान आहे. पण झाडूने आणि पाणी मारून आवरते ती मुख्यतः जाड धूळ. केंद्राचा कार्यक्रमही शहराचे यश १० मायक्रॉनच्या कणांवरच मोजतो. शहराला गुण मिळतात. फुप्फुसाला दिलासा मिळेलच असे नाही.

पीथमपूरचे कारखाने धार जिल्ह्यात. गहू निघाला की नरवाई पेटते ती खेड्यांत. आग्रा-मुंबई रस्त्यावरचे ट्रक परगावचे. २०२८ च्या सिंहस्थाची बांधकामे उज्जैनला. यातले काय एका महापालिकेच्या हातात आहे? दमेकऱ्याला मी धुरापासून लांब राहा म्हणते. पण धूर लांबूनच येत असेल, तर त्याने जायचे कुठे?

लॉस एंजेलिस भागात चार काउंट्यांची मिळून एक हवा-यंत्रणा १९७७ पासून काम करते. दिल्ली आणि भोवतालच्या राज्यांसाठी २०२१ मध्ये कायद्याने आयोग नेमला गेला. त्याने दिल्लीची हवा अजून शुद्ध झालेली नाही, हे खरे. यंत्रणा नेमली म्हणजे काम झाले असे नाही. पण ती नसेल तर जाब विचारायचा कोणाला?

आपल्याकडे संधी आत्ताच आहे. इंदूर, उज्जैन, देवास, धार यांचा महानगर प्रदेश आखण्याचे काम राज्याने हाती घेतले आहे. रस्ते आणि भूखंड यांवर भरपूर चर्चा होईल. आपण हवेविषयी चार गोष्टी मागाव्यात. सगळ्या प्रदेशाची, कोणत्या उगमातून किती प्रदूषण निघते याची एकच मोजदाद. शहराबाहेर, कारखान्यांजवळ आणि खेड्यांतही मापनयंत्रे. २.५ मायक्रॉनच्या कणांसाठी वर्षवार उद्दिष्ट. आणि ते चुकले तर उत्तर देणारी एक यंत्रणा.

अर्ज लिहिणे ही आपल्या घराण्यांची जुनी विद्या आहे. या आराखड्यावर सूचना आणि हरकती मागवल्या जातील, तेव्हा प्रत्येक घरातून एक तरी पत्र जावे, एवढी विनंती करून थांबते.