तुरुंगरक्षकाने काय शिकावे?

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘करेक्शन्स’ नावाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तुरुंग, प्रोबेशन आणि पॅरोल यांच्या कारभाराचा हा अभ्यास. १९६८च्या गुन्हेनियंत्रण कायद्यानंतर पोलिसांच्या आणि तुरुंग कर्मचाऱ्यांच्या कॉलेजशिक्षणासाठी केंद्र सरकारने पैसा ओतला आणि असे वर्ग भराभर निघाले. पण १९७८मध्ये पोलिसांच्या उच्चशिक्षणाची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने ठपका ठेवला की, कॉलेजच्या नावाखाली पुष्कळ ठिकाणी नोकरीची तालीमच चालते. माझ्या मते हा ठपका तुरुंगाच्या वर्गांनाही लागू पडतो. बेड्या कशा घालाव्यात, झडती कशी घ्यावी, हे खात्याच्या अकादमीत शिकवतातच; कॉलेजने तेच पुन्हा का शिकवावे?

रक्षकाच्या हातातली खरी सत्ता दंडुक्यात नसते, त्याच्या अहवालात असते. कैद्याने नियम मोडला असे रक्षकाने लिहिले की सुनावणी होते आणि चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळालेली शिक्षेतली सूट जाऊ शकते. १९७४ साली नेब्रास्काच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या सुनावणीसाठी आगाऊ लेखी सूचना आणि निर्णयाची लेखी कारणे आवश्यक ठरवली. वकील मात्र दिला नाही. पुढे १९८५ साली मॅसॅच्युसेट्समधले एक प्रकरण आले. वॉलपोलच्या तुरुंगात रक्षकाला गलका ऐकू आला. त्याने दार उघडले तेव्हा एक कैदी मार खाल्लेला दिसला आणि तिघे लगबगीने दूर जाताना दिसले. मारताना त्याने कोणालाच पाहिले नव्हते. तरीही दोघांची प्रत्येकी १०० दिवसांची सूट गेली, आणि ‘थोडासा पुरावा’ असला तरी पुरे, असे म्हणत न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. पुराव्याची अट इतकी सैल असल्यावर पाहिलेले कोणते आणि अंदाजाने धरलेले कोणते, हा विवेक लिहिणाऱ्यापाशीच हवा. तो काही आठवड्यांच्या कवायतीत येत नाही. त्याला कायदा, समाजशास्त्र आणि नेटके लिहिणे यांचा संथ अभ्यास लागतो.

यावर कोणी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या १९७१च्या नकली तुरुंगाच्या प्रयोगाकडे बोट दाखवील: कॉलेजची मुलेच रक्षक झाली आणि क्रूर वागली, मग शिक्षणाने काय साधले? पण त्या मुलांना रक्षकाचा गणवेश मिळाला होता, रक्षकाच्या कामाचे शिक्षण नव्हे. शिवाय कडक वागण्याची चिथावणी प्रयोग चालवणाऱ्यांकडूनच मिळाली, असा त्यावर गंभीर आक्षेप आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या वर्गात येणाऱ्या गरीब घरच्या मुलाला नोकरी हवी असते, तत्त्वचर्चा नव्हे. मान्य, अपुरे मनुष्यबळ आणि सक्तीची जादा पाळी पदविकेने सुटत नाही, हेही मान्य. पण अहवाल लिहिणे ही नोकरीच आहे, आणि ती कोठडीच्या चाव्या सांभाळण्याइतकीच रोजची आहे. शिकवायला निवृत्त अधिकारी जरूर असावेत. त्यांच्या जोडीला वॉलपोलचे कागद विद्यार्थ्यांपुढे टाकून आधी रक्षकाची आणि मग कैद्याची बाजू मांडायला लावणारा एखादा कायद्याचा मास्तरही असावा.