क्वासिरचं रक्त

कविता कुठून येते, असं कविसंमेलनांत मला हमखास विचारतात. तेव्हा मी आइसलँडची एक गोष्ट सांगतो. स्नोरी स्टुर्लुसन या कवीने ती इसवी सन १२२०च्या सुमारास आपल्या ‘एडा’ या ग्रंथात लिहून ठेवली.

एसिर आणि वानिर ही देवांची दोन कुळं. त्यांचं युद्ध झालं, मग तह. तहाची खूण म्हणून दोन्हीकडचे देव एकाच पिंपात थुंकले. आपण थुंकतो ते तिरस्काराने. इथे थुंकीनेच सलोखा पक्का झाला! ही खूण वाया जाऊ नये म्हणून देवांनी तिच्यातून माणूस घडवला. तोच क्वासिर. त्याला आईबाप नाहीत, बालपण नाही, धड एक कूळही नाही. पण कुणी काहीही विचारावं, उत्तर तयार. जगभर हिंडून तो लोकांना शहाणपण देत राहिला.

फ्यालार आणि गालार या दोन बुटक्यांनी त्याला घरी बोलावलं, खासगी बोलायचं म्हणून बाजूला नेलं आणि मारलं. त्याच्या रक्तात मध कालवून पेय केलं. ते पिणारा कवी किंवा विद्वान होणार. देवांना काय सांगितलं? क्वासिर स्वतःच्याच शहाणपणात गुदमरून मेला, त्याला प्रश्न विचारण्याइतकं शिकलेलं कुणी नव्हतंच. खून स्तुतीत गुंडाळण्याची ही तऱ्हा मला फार ओळखीची वाटते.

पुढे ओडिन ते पेय चोरून, गरुड होऊन पळाला. घाईत थोडं मागे सांडलं. ते कुणीही प्यावं. भुक्कड कवींचा तो वाटा.