एक सहा तासांचे, एक ४३२ वर्षांचे

११ नोव्हेंबर १९४५. अमेरिकेतल्या ‘क्विझ किड्स’ या मुलांच्या रेडिओ कार्यक्रमात रसायनशास्त्रज्ञ ग्लेन सीबोर्ग पाहुणे होते. एका मुलाने विचारले, प्लुटोनियमनंतर आणखी नवी मूलद्रव्ये सापडली का? सीबोर्ग यांनी सांगून टाकले: हो, ९५ आणि ९६ क्रमांकांची. अधिकृत घोषणेला अजून पाच दिवस होते! त्यातले ९५ क्रमांकाचे म्हणजे अमेरिशियम.

आपल्या गोष्टीतले दुसरे मूलद्रव्य, टेक्नेशियम, त्याच्याआधीचे. अमेरिकेतल्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात १९३७ साली इटलीतल्या पालेर्मो येथे एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांना ते गवसले. कृत्रिमरीत्या घडवलेले हे पहिले मूलद्रव्य. नावाचा ग्रीक अर्थही तोच, ‘कृत्रिम’.

दोन्ही किरणोत्सारी, पण स्वभाव अगदी वेगळे. रुग्णालयात वापरले जाणारे टेक्नेशियम-९९एम दर सहा तासांनी निम्मे होते. त्यातून निघणारे गॅमा किरण शरीराबाहेर येतात आणि कॅमेऱ्यात हाडांचे, हृदयाचे चित्र उमटवतात. तपासणी आटोपते, आणि दिवसभरात त्याची मात्रा एक षोडशांश उरते. एवढे अल्पायुषी द्रव्य दूरच्या गावी पोचवायचे कसे? उत्तर मोठे सुंदर आहे. टेक्नेशियम पाठवतच नाहीत. पाठवतात त्याचे जनक मॉलिब्डेनम-९९, जे निम्मे व्हायला सुमारे ६६ तास घेते. रुग्णालयात त्यावरून मिठाचे पाणी सोडले की ताजे टेक्नेशियम धुऊन निघते. तज्ज्ञ या उपकरणाला गायच म्हणतात, आणि रोज सकाळी तिची धार काढतात! नवी मुंबईत वाशीला असलेली ‘ब्रिट’ ही सरकारी संस्था अशी उपकरणे देशभर पुरवते.

अमेरिशियम-२४१ निम्मे व्हायला ४३२ वर्षे लागतात. शरीरात असले काही नकोच. ते हाडांत आणि यकृतात ठाण मांडते. पण छतावरच्या काही स्मोक डिटेक्टरमध्ये हाच चिवटपणा कामाचा. तिथे त्याचा जेमतेम ०.३ मायक्रोग्रॅमचा कण असतो. त्याचे अल्फा कण दोन पट्ट्यांमधली हवा विद्युतभारित करतात, बारीकसा प्रवाह वाहतो. धूर शिरला की प्रवाह घटतो आणि भोंगा वाजतो. हे अल्फा कण साध्या कागदानेही अडतात, त्यामुळे डबी बंद असेपर्यंत घरच्यांना धोका नाही.

म्हणून एक विनंती. असे जुने यंत्र बंद पडले तर ते फोडू नका, जाळू नका, मुलांच्या हाती देऊ नका. त्यावरची सूचना वाचा आणि विक्रेत्याकडे किंवा उत्पादकाकडे परत करा.