‘सर, फाइल दिसत नाहीये’

भंडारा जिल्ह्याच्या सात तालुक्यांतून संगणक, डोंगल आणि साहेबांचे पासवर्ड सांभाळणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

संमेलनाध्यक्षाने भविष्यावर बोलावं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं नाव निदान तीनदा घ्यावं, असा सध्या प्रघात आहे. आजच्या अध्यक्षाचा विषय त्यामानाने फार साधा आहे. ‘सर, फाइल दिसत नाहीये,’ हा फोन. तो लाखांदूरहून येवो की तुमसरहून, आला की पुढचा तासभर कुणी ब्राउझर बदलतं, कुणी व्हीपीएन तोडून पुन्हा जोडतं, कुणी सर्व्हरला शिव्या घालतं. आणि पुष्कळदा फाइल बिचारी अगदी सुखरूप असते. ज्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार आहे, त्याच्या दुसऱ्या पदाच्या इनबॉक्समध्ये ती पडून असते. अधिकारी एक, पदं दोन, इनबॉक्सही दोन. पडद्यावरचं पद बदललं की फाइल समोर.

याला दोष म्हणायचं का? राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे आपल्या एनआयसीने, या फाइली चालवणारं ई-ऑफिस बांधलं ते सरकारी कार्यपद्धतीच्या पुस्तिकेवरून. त्या पद्धतीत नस्ती, म्हणजे फाइल, माणसाकडे जात नाही, पदाकडे जाते. अव्वल कारकून बदलून गेला तरी टेबल तिथेच राहतं. सॉफ्टवेअरने हेच नेमकं उचललं: कर्मचाऱ्यांच्या मुख्य यादीत माणूस वेगळा, पद वेगळं, आणि दोघांना जोडणारा धागा तिसरा. एवढी एक गोष्ट ज्याला उमगली, त्याचे निम्मे फोन कमी होतात. ज्याला उमगली नाही, तो जन्मभर कॅशे साफ करत बसतो.

हा धागा तुटण्याचा हंगामही ठरलेला आहे. बदल्यांच्या २००५ च्या अधिनियमाने सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. कागदावर काम सोपं असतं. चार्ज दिला, चार्ज घेतला, दोन सह्या झाल्या. साहेब सकाळी भंडाऱ्यातून कार्यमुक्त होतात आणि दुपारी साकोलीत रुजू होतात. सॉफ्टवेअरमध्ये मात्र कुणीतरी जुना धागा सोडवून नवा बांधावा लागतो, आणि त्याआधी त्या इनबॉक्समधल्या नस्त्या पुढच्या माणसाकडे वळवाव्या लागतात. हे राहून गेलं की मे महिन्यातल्या नस्त्या जूनमध्ये सापडतात. मग डिजिटल स्वाक्षरीवरचं नाव आणि यादीतलं नाव जुळत नाही, कारण एकात वडिलांचं नाव आहे आणि दुसऱ्यात नाही. हा तांत्रिक बिघाड म्हणून नोंदवला जातो. त्यातलं तंत्र फार तर चार आण्याचं; बाकी सगळं आस्थापना शाखेचं.

महाराष्ट्रात ई-ऑफिसला जोर कशाने आला, हेही विसरू नये. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. पाच जीव गेले आणि मजलेच्या मजले नस्त्या राख झाल्या. कागद जळतो हे सर्वांना ठाऊक होतं, पण त्या दिवशी ते सगळ्या राज्याने दूरचित्रवाणीवर पाहिलं. स्कॅनिंगची निकड त्यानंतर कुणाला पटवून द्यावी लागली नाही. घाईत मात्र एक गोष्ट मागे पडली. कागदाबरोबर कागदाची शिस्तही संगणकात यायला हवी होती. महसुलातली सहा गठ्ठ्यांची पद्धत घ्या. चालू प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची, असे सहा ढीग. कागद किती काळ जपायचा तेही ठरलेलं: अ वर्गाचा कागद कायमचा, ब वर्गाचा तीस वर्षांचा, ड वर्गाचा वर्षाचा. अर्ज-निपटाऱ्याचं एखादं ॲप लिहायला बसलेल्या मुलाला हे सहा ढीग माहीत असतील, तर त्याला कामाचे टप्पे वेगळे शोधावे लागत नाहीत. ते आयते मिळतात. माहीत नसतील तर तो ‘पेंडिंग’ आणि ‘क्लोज्ड’ असे दोनच रकाने ठेवतो, आणि नागपूरहून उत्तर यायचं बाकी असलेलं प्रकरण कारकुनाच्या नावावर विनाकारण थकित दिसत राहतं.

आता थोडं लांब जाऊ. १९७३ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो नावाच्या संगणकावर वापरणारे लोक यंत्रणेतले दोष एका सामाईक मजकुरात लिहून ठेवत. पंचाईत अशी की तो मजकूर कुणालाही खोडता येई. डेव्हिड वूली या कोवळ्या वयाच्या मुलाला सांगितलं गेलं, यावर काहीतरी कर. त्याने लिहिलेल्या ‘नोट्स’मध्ये प्रत्येक नोंदीला नाव, तारीख आणि वेळ आपोआप चिकटू लागली आणि दुसऱ्याची नोंद पुसता येईना. त्याच विद्यापीठात शिकलेल्या रे ओझीने पुढे १९८४ मध्ये आयरिस ही कंपनी काढली, आणि तिने बनवलेलं लोटस नोट्स १९८९ च्या अखेरीस लोटस कंपनीने बाजारात आणलं. १९९५ मध्ये आयबीएमने साडेतीन अब्ज डॉलर मोजून लोटस विकत घेतली. २०१९ पासून ते उत्पादन आपल्या नोएडाच्या एचसीएलकडे आहे. कचेरीतल्या सामूहिक सॉफ्टवेअरची ही सगळी वंशावळ एका दोष-नोंदवहीपासून सुरू होते, ही गोष्ट आपल्या धंद्यातल्या लोकांनी मिरवायला हरकत नाही.

आपल्या ई-ऑफिसमधली हिरवी टिपणी हा त्याच कुळातला वंशज. पिवळी टिपणी कच्ची. ती बदलता येते, टाकूनही देता येते. हिरवी झाली आणि नस्ती पुढे गेली की अक्षर हलत नाही. तरी दर महिन्याला कुणीतरी गळ घालतंच: ‘साहेबांचा एक शब्द चुकलाय, मागून तेवढा दुरुस्त करून द्या ना.’ इथे आपल्यातल्या होतकरू प्रोग्रॅमरला आपली करामत दाखवायची फार हौस येते. ती येऊ देऊ नये. चूक दुरुस्त करायची तर खाली नवी टिपणी लिहून, सही करून. डेटाबेसमध्ये हात घालून केलेली दुरुस्ती ही खाडाखोडच, फक्त शाई न दिसणारी.

लोटस नोट्सची दुसरी करामत भंडाऱ्याला अधिक जवळची वाटावी. प्रत्येक ठिकाणी डेटाबेसची आपली प्रत. दिवसातून काही वेळा फोनच्या तारेवरून प्रती एकमेकींशी जुळवून घेत. मध्ये तार तुटली तरी काम चालू. दोघांनी एकच नोंद वेगवेगळी बदलली, तर नोट्स एक मुख्य ठेवी आणि दुसरी तिच्या खाली ‘संघर्ष’ म्हणून लावून देई. फेकून देत नसे. निवाडा माणसावर सोपवी. ई-ऑफिसचा रस्ता उलटा आहे. एक नस्ती एका वेळी एकाच्याच हातात, आणि सगळं मध्यवर्ती सर्व्हरवर. भांडण होत नाही, पण रांग लागते. आणि तार तुटली की हात बांधले जातात.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या पुराने जिल्ह्यातली गावं वेढली, तेव्हाचे दिवस आठवा. अशा वेळी वीज नसते, मोबाइलचे मनोरे बंद पडतात, आणि पंचनामे मात्र तेव्हाच करायचे असतात. जे ॲप लॉगिनसाठी आधी सर्व्हर मागतं, ते पुरात तलाठ्याच्या काय कामाचं? क्षेत्रीय कामासाठी काहीही बांधताना आधी फोनमध्येच नोंद साठवणं, नंतर जुळवणं, आणि दोन नोंदी भांडल्या तर दोन्ही राखून मंडळ अधिकाऱ्यासमोर ठेवणं ही तीसहून अधिक वर्षांपूर्वीची युक्ती आजही पुरते. नव्या सॉफ्टवेअर-चौकटींच्या नादात ती विसरली गेली, एवढंच.

खासगी कंपन्यांत शेअरपॉइंट या कार्यालयीन सॉफ्टवेअरचं चलन आहे. त्याची एकच गोष्ट सांगण्यासारखी. यादीत नोंदी हजारोंनी वाढल्या तरी ती धावत असते, आणि एक दिवस अचानक पान उघडेनासं होतं. ५,००० नोंदींची मर्यादा ओलांडली गेलेली असते. मागचा एसक्यूएल सर्व्हर साधारण इतक्या ओळींना कुलपं लावावी लागली की वेगवेगळी न लावता अख्ख्या तक्त्यालाच एक कुलूप घालतो. तसं झालं तर इतर सगळे बाहेर ताटकळतील, म्हणून शेअरपॉइंट तशी मागणीच नाकारतं. उपाय आहे: ज्या रकान्यावर गाळणी लावायची त्याला आधीच अनुक्रमणिका द्यावी. ‘आधीच’ हा शब्द महत्त्वाचा. धान खरेदीसारख्या नोंदी अशा यादीत भरायच्या ठरल्या, तर धानाच्या या जिल्ह्यात ५,००० चा आकडा गाठायला एक हंगामही लागणार नाही.

मराठी मजकुराचा प्रश्न मात्र कुठल्याच परदेशी पुस्तकात सापडत नाही. तो आपला आपल्यालाच सोडवायचा आहे. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द नसलेली नस्ती या जिल्ह्यात क्वचितच असेल. त्यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाच्या पोटात मात्र दोन निराळे शब्द. ‘ॲड.’मधला ॲ तसाच. युनिकोडमध्ये २००८ साली त्याला स्वतंत्र स्थान मिळालं, पण त्याआधीपासूनची सवय म्हणजे अ टंकून वर चंद्र ठेवायचा. दोन्हींना समान मानणारा नियम खुद्द युनिकोडमध्येही नाही. म्हणून वकिलाच्या नावाने शोधलं की अर्धी प्रकरणं सापडतात आणि अर्धी ‘गहाळ’ होतात. साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा एकच रूप करून घ्यावं. काम दहा-बारा ओळींचं आहे.

त्यात स्थानिक भर. पवनी तालुक्यातल्या धरणाचं १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, आणि आजवर त्याच्या भूसंपादन-पुनर्वसनाच्या नस्त्यांत नाव कुठे गोसेखुर्द, कुठे गोसीखुर्द. जुन्या काळी कृतिदेव किंवा श्रीलिपीत टंकलेली पत्रं तर युनिकोडच्या दृष्टीने मराठी नव्हेतच. ती इंग्रजी अक्षरांची खिचडी. विस्थापिताच्या नातवाने आजोबांच्या नावाने अर्ज केला आणि शोधात काही आलं नाही, तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं उत्तर देण्यापूर्वी नावाची सगळी रूपं शोधली का, हे कुणी विचारणार आहे की नाही?

दोष शोधायची सर्वांत चांगली रीत आपल्याच राज्याने करून दाखवली आहे. सातबाराचं संगणकीकरण झाल्यावर त्यात नावांच्या, क्षेत्रांच्या, हिश्शांच्या असंख्य चुका निघाल्या. २०१७ मध्ये मग चावडी वाचन झालं. संगणकातला सातबारा गावात मोठ्याने वाचायचा, ज्याचा त्याने ऐकायचा आणि चूक तिथेच सांगायची. कुठलीही महागडी चाचणी-प्रणाली बांधावरचा वाद ओळखू शकली नसती. बांधावरचा माणूस ओळखतो. २०१८ च्या महाराष्ट्र दिनी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, त्याच्यामागे ही ऐकण्याची मेहनत आहे. कार्यालयीन ॲपला असं वाचन का मिळू नये? नवं ॲप चालू करण्याआधी जावक कारकुनासमोर बसावं, त्याला एक खरं प्रकरण चालवायला द्यावं, आणि आपण तोंड बंद ठेवावं.

शेवटचा मुद्दा अडचणीचा आहे. जिल्ह्यात सर्वाधिक वापरलं जाणारं कार्यालयीन सॉफ्टवेअर ई-ऑफिसही नाही आणि शेअरपॉइंटही नाही. ते व्हॉट्सॲप आहे. बैठकीची वेळ, पंचनाम्याचा फोटो, ‘तातडीने माहिती सादर करावी’चा आदेश, सगळं ग्रुपवर. नाकं मुरडून ते थांबणार नाही, कारण ते चालतं; कमी रेंजमध्येही चालतं, आणि कुणाला प्रशिक्षण द्यावं लागत नाही. पण तिथे पद नाही, फक्त माणूस आहे. तहसीलदार बदलून गेले की त्यांच्या फोनबरोबर तालुक्याचा पत्रव्यवहारही जातो. ग्रुपवर आलेला आदेश त्याच दिवशी नस्तीत नोंदवायचा, एवढी तरी शिस्त कार्यालयप्रमुखांनी लावावी.

आणि आपल्याकडून एक काम. येत्या बदल्यांच्या हंगामाआधी, मार्चअखेरपर्यंत, प्रत्येक तालुक्याने आपली दोष-नोंदवही एकत्र करावी. तक्रार करणाऱ्याने ती ज्या शब्दांत सांगितली त्याच शब्दांत लिहावी, खाली खरं कारण, खाली उपाय. तांत्रिक कारण आणि कार्यपद्धतीचं कारण असे दोन रकाने वेगळे ठेवावेत. दुसरा रकाना आस्थापना शाखेकडे पाठवावा, कारण दुरुस्ती तिथे आहे. अतिरिक्त कार्यभार असलेल्या अधिकाऱ्यांची यादी मात्र आजच, जेवणाच्या सुट्टीत, सातही तालुक्यांनी करायला घ्यावी.